बटाटा, मीठ आणि वजनकाटा: वस्तू का तरंगते हे दाखवणारा वर्गातील प्रयोग

चार किलोचे कलिंगड आणि चार-पाच ग्रॅमचा द्राक्षाचा मणी पाण्याने भरलेल्या टबात सोडला, तर कलिंगड तरंगते आणि द्राक्ष तळाशी जाते. पाण्यात सोडण्यापूर्वी सहावी-सातवीच्या मुलांना यातले काय बुडेल असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर कलिंगड असेच येते. त्यांचे हे उत्तर बिनबुडाचे नसते. दगड बुडतो, पान तरंगते, खिळा बुडतो, पीस तरंगते, अशा पाहण्यातून ‘जड ते बुडते आणि हलके ते तरंगते’ हा नियम प्रत्येकाने लहानपणीच मनाशी बांधलेला असतो आणि रोजच्या व्यवहारात तो बऱ्यापैकी चालतोही. वर्गातील प्रयोगाने हा नियम नेमका कुठे अपुरा पडतो हे दाखवायचे असते आणि त्याच्या जागी अधिक भक्कम असा दुसरा नियम मुलांच्या हाती द्यायचा असतो. त्यासाठी एक बटाटा, थोडे मीठ आणि एक वजनकाटा एवढे साहित्य पुरते.

हा प्रयोग सहसा अंडे घेऊन केला जातो: साध्या पाण्यात अंडे बुडते, पाण्यात मीठ विरघळवले की ते वर येते, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. एवढ्यावर थांबले, तर मुलांच्या लक्षात फक्त एक गंमत राहते, आणि मीठ घातले की वस्तू तरंगते अशी नवी, तितकीच अपुरी समजूत तयार होते. माझ्या मते या प्रयोगाचा गाभा मीठ घालण्याआधीच्या मोजमापात आहे. किती मीठ लागेल हे आधी आकडेमोड करून फळ्यावर लिहायचे आणि मगच मीठ घालायचे, हा क्रम पाळला तर त्याच साहित्यातून मुलांना भौतिकशास्त्र कसे चालते हे दिसते. बटाटा घेण्याची दोन कारणे आहेत. अंडे अनेक शाळांत चालत नाही, आणि कच्चे अंडे हाताळल्यावर किंवा फुटल्यावर स्वच्छतेची काळजी घ्यावी लागते, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: बटाटा कापता येतो.

सुरुवात त्या कापण्यापासूनच करावी. पाण्यात बुडालेला बटाटा बाहेर काढून त्याचे दोन तुकडे करावेत आणि अर्धा तुकडा बुडेल की तरंगेल हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. अर्धा तुकडाही बुडतो. मग पाव तुकडा, मग नखाएवढा कपटा. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हलका असतो आणि तरीही प्रत्येक तुकडा तळाशीच जातो. म्हणजे बुडण्या-तरंगण्याचा निकाल एकूण वजनावर लागत नाही, कारण वजन तर दर वेळी कमी होत गेले. कापताना वजनाबरोबर आकारमानही त्याच प्रमाणात कमी झाले आणि या दोहोंचा भागाकार मात्र होता तसाच राहिला. वस्तुमानाला आकारमानाने भागून येणाऱ्या या संख्येला घनता म्हणतात. एक घन सेंटिमीटर जागेत किती ग्रॅम द्रव्य सामावले आहे, एवढाच तिचा अर्थ. साध्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला जवळजवळ १ ग्रॅम असते. वर्गातल्या उकाड्यात ती किंचित कमी, म्हणजे ३० अंश सेल्सिअसला सुमारे ०.९९६ भरते, पण आपल्या कामासाठी ती १ धरायला हरकत नाही.

कलिंगड आणि द्राक्षाचे कोडेही इथेच सुटते. द्राक्षात पाण्याबरोबर भरपूर साखर विरघळलेली असते, त्यामुळे त्याच्या रसाची घनता पाण्यापेक्षा जास्त असते. कलिंगडाच्या गरात आणि सालीत हवेच्या बारीक जागा असतात, म्हणून एकूण कलिंगडाची घनता १ पेक्षा थोडी कमी भरते. सफरचंदात तर आकारमानाचा सुमारे पाव भाग हवाच असते, आणि म्हणूनच ते इतके उंच तरंगते. बटाट्याचा जवळपास चार पंचमांश भाग पाणी असला तरी उरलेल्या भागात मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्चची घनता सुमारे १.५ आहे आणि तोच बटाट्याला पाण्यापेक्षा थोडा अधिक घन करतो.

इथे आणखी एक गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. द्रव दाट दिसतो म्हणून त्याची घनता जास्त असते, असे नाही. एरंडेल तेल बाटलीतून ओतताना तारेसारखे संथ उतरते, तरीही त्याची घनता सुमारे ०.९६ असल्याने ते पाण्यावर तरंगते. मधही तसाच संथ वाहतो, पण त्याची घनता सुमारे १.४ असते आणि तो पाण्याच्या तळाशी जातो. द्रव किती सहज वाहतो आणि त्याची घनता किती आहे, हे दोन वेगळे गुणधर्म आहेत.

आता मोजमाप. बटाट्याचे वस्तुमान काट्यावर लगेच कळते, समजा ते १३० ग्रॅम भरले. आकारमान मात्र असे सरळ मिळत नाही, कारण बटाट्याला लांबी-रुंदी-उंची नीट नसते. नेहमीची पद्धत म्हणजे मोजपात्रात पाणी घेऊन त्यात वस्तू बुडवायची आणि पातळी किती चढली ते वाचायचे. ही पद्धत समजायला सोपी आहे, पण इथे ती दगा देते. बटाट्याची आणि पाण्याची घनता फार जवळजवळ असते, आणि रुंद तोंडाच्या मोजपात्रावर पाच-दहा मिलिलिटरची चूक सहज होते. खरे आकारमान १२१ घन सेंटिमीटर असताना आपण १३१ वाचले, तर घनता १.०७ येण्याऐवजी ०.९९ येते, आणि आकड्यांनुसार तरंगायला हवा असलेला बटाटा डोळ्यांदेखत बुडलेला असतो.

याहून पुष्कळ चांगली पद्धत स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल वजनकाट्यावर करता येते. काट्यावर एक लिटर पाण्याने भरलेले पारदर्शक भांडे ठेवावे आणि काटा शून्यावर आणावा. बटाट्याला बारीक दोरा घट्ट बांधून तो हाताने धरावा आणि बटाटा पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडांना लागणार नाही, असा पाण्यात लोंबकळत ठेवावा. काटा आता १२१ ग्रॅम दाखवतो. हे पाहताना वर्गात बहुधा शांतता पसरते, कारण बटाटा भांड्यावर टेकलेलाच नाही, तो वरून दोऱ्याने धरलेला आहे, मग भांडे जड कशाने झाले? या प्रश्नावर घाई करू नये. मुलांना पाच-दहा मिनिटे वाद घालू द्यावा, आणि त्या दरम्यान दोरा धरणाऱ्या मुलाला त्याचा अनुभव विचारावा. तो सांगेल की पाण्यात शिरताच बटाटा हाताला एकदम हलका लागू लागला. दोऱ्याला ताणकाटा जोडला, तर हवेत १३० ग्रॅम दाखवणारा काटा पाण्यात अवघे ९ ग्रॅम दाखवतो. शाळेतल्या ताणकाट्यावर ९ आणि १२ यांतला फरक वाचणे कठीण असते, म्हणून आकडा डिजिटल काट्यावरूनच घ्यावा. हिशेब मात्र अगदी चोख जुळतो: दोऱ्यावरचे १२१ ग्रॅम कमी झाले आणि भांड्याखालचे १२१ ग्रॅम वाढले.

याचा अर्थ असा की पाणी बटाट्याला १२१ ग्रॅम वजनाएवढ्या बलाने वर ढकलत आहे, आणि बटाटा पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलत आहे. न्यूटनचा तिसरा नियम इथे काट्यावर वाचता येतो. पाण्याने वरच्या दिशेने लावलेल्या या बलाला प्लावक बल म्हणतात. हे १२१ ग्रॅम कुठून आले, तर बटाट्याने जेवढी जागा व्यापली तेवढ्या जागेतल्या पाण्याचे ते वजन आहे. बटाट्याने बाजूला सारलेले पाणी १२१ ग्रॅम, म्हणजे त्याचे आकारमान १२१ घन सेंटिमीटर. म्हणून बटाट्याची घनता १३० भागिले १२१, म्हणजे सुमारे १.०७. एका मोजमापात आकारमानही मिळाले आणि बुडालेल्या वस्तूवरचे प्लावक बल तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके असते, हे आर्किमिडीजचे तत्त्वही वापरून झाले.

वर ढकलणारे हे बल पाण्यात येते तरी कुठून, हा प्रश्न पाठ्यपुस्तक वाचून झाल्यावरही अनेकांच्या मनात राहतो आणि तो सोडून पुढे जाऊ नये. उत्तर खोलीबरोबर वाढणाऱ्या दाबात आहे. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेला एक घन पाण्यात अशा रीतीने बुडवला आहे असे समजा की त्याचा वरचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीखाली ५ सेंटिमीटरवर आहे. वरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, त्यावर ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी, म्हणजे ५०० घन सेंटिमीटर पाण्याचे वजन त्याला खाली दाबते: ५०० ग्रॅम. घनाचा तळ १५ सेंटिमीटर खोल आहे, आणि त्या खोलीवरचा दाब तळाला वर ढकलतो. त्याच क्षेत्रफळावर १५ सेंटिमीटर पाण्याचा भार म्हणजे १,५०० ग्रॅम. बाजूंवरचे दाब समोरासमोर असल्याने एकमेकांना रद्द करतात. उरतो वर-खालचा फरक, १,००० ग्रॅम, आणि घनाने व्यापलेल्या १,००० घन सेंटिमीटर जागेतल्या पाण्याचे वजन नेमके तेवढेच असते. तोच घन आणखी एक मीटर खाली नेला तर वरचा आणि खालचा दाब दोन्ही सारखेच वाढतात आणि फरक पुन्हा तोच, १,००० ग्रॅम, राहतो. म्हणून पूर्ण बुडालेल्या वस्तूवरचे प्लावक बल खोलीवर अवलंबून नसते. काट्यावर लोंबकळणारा बटाटा वर-खाली करून हे लगेच पडताळता येते. तो पूर्ण बुडालेला असेपर्यंत आकडा हलत नाही.

आर्किमिडीज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या नगरात राहत होता. राजाच्या सोन्याच्या मुकुटातली चांदीची भेसळ ओळखण्याची आणि न्हाणीघरातून धावत सुटण्याची जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, ती तरंगणाऱ्या वस्तूंविषयीच्या त्याच्या स्वतःच्या उपलब्ध लेखनात नाही. ती सुमारे दोन शतकांनंतर व्हित्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने सांगितली. मुकुट काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून बाहेर सांडलेले पाणी मोजले, असे त्या गोष्टीत आहे. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, गॅलिलिओने एका छोट्या लेखात या पद्धतीवर शंका घेतली, कारण आर्किमिडीजसारख्या माणसाच्या मानाने ती त्याला फारच ढोबळ वाटली. साधा हिशेब केला तर त्याचे म्हणणे पटते. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ घन सेंटिमीटर जागा व्यापते. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर आकारमान सुमारे ६५ होते. मुकुट मावेल अशा २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात या १३ घन सेंटिमीटरच्या फरकाने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही बदलत नाही. म्हणून आर्किमिडीजने मुकुट तराजूला टांगून पाण्यात तोलला असावा, असे गॅलिलिओचे मत होते, आणि तशा तराजूची रचनाही त्याने दिली. मोजपात्र बाजूला ठेवून बटाटा दोऱ्याने टांगणारी मुले हाच मार्ग धरत असतात, आणि हे त्यांना अवश्य सांगावे.

घनता १.०७ कळल्यावर मिठाचा अंदाज करता येतो. बटाटा वर यायचा असेल तर पाण्याची घनता १.०७ च्या थोडी पुढे न्यावी लागेल. मिठाच्या द्रावणाची घनता त्यातल्या मिठाच्या प्रमाणानुसार ठरलेली असते: एकूण द्रावणाच्या वस्तुमानात ५ टक्के मीठ असेल तर घनता सुमारे १.०३४, १० टक्के असेल तर १.०७१, १२ टक्के असेल तर १.०८६ आणि २० टक्के असेल तर १.१४८. आपल्या बटाट्यासाठी साडेदहा टक्क्यांच्या आसपास मीठ हवे. एक लिटर पाण्यात ११५ ते १२० ग्रॅम मीठ घातले की हे प्रमाण गाठले जाते. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा आणि मगच मीठ तोलायला घ्यावे.

मीठ घातल्याने घनता वाढते याचे कारणही इथे मोजून दाखवता येते. एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवल्यावर वस्तुमान १,१२० ग्रॅम होते, म्हणजे १२ टक्के वाढ. आकारमान मात्र १,०४० मिलिलिटरच्या आसपासच राहते, म्हणजे जेमतेम ४ टक्के वाढ. मिठाचे तेच १२० ग्रॅम कोरड्या स्फटिकांच्या रूपात ५५ घन सेंटिमीटरहून अधिक जागा घेतात, पण पाण्यात विरघळून त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटे झाले की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती दाटीने बसतात आणि जागा कमी लागते. वस्तुमान बरेच वाढले, जागा थोडीच वाढली, म्हणून घनता वाढली.

मीठ एकदम न घालता सुरुवातीला ८० ग्रॅम घालून पूर्ण विरघळू द्यावे, बटाटा सोडून पाहावा, आणि नंतर दर वेळी पाच-पाच ग्रॅम वाढवत जावे. बारीक मिठाने पाणी थोडे गढूळ होते, त्याने निकालात फरक पडत नाही. पण तळाशी न विरघळलेले मीठ राहिले असेल तर त्याचा फरक पडतो, म्हणून ढवळण्यात आळस करू नये. बटाटा द्रावणात फार वेळ ठेवू नये, कारण परासरणामुळे त्यातले पाणी बाहेर जाऊ लागते आणि त्याचे वस्तुमान व घनता दोन्ही बदलतात. आकडा १०५ ते १२५ ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी आला तर अंदाज उत्तम जमला असे समजावे. अगदी नेमका न येण्याची कारणे स्पष्ट आहेत: काट्याची एक ग्रॅमची मर्यादा, पाण्याचे मापातले थोडे कमी-जास्त होणे आणि बटाट्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे. या प्रत्येकाने उत्तर कोणत्या बाजूला सरकेल, हे मुलांना विचारण्यासारखे आहे. बुडबुडे चिकटलेले असतील तर बटाटा वेळेआधीच वर येईल, आणि बोटाने ते पुसले की पुन्हा खाली जाईल.

बटाटा वर आल्यावर काट्याकडे पुन्हा पाहावे. द्रावणाचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणला असेल, तर तरंगणाऱ्या बटाट्यासह तो १३० ग्रॅम दाखवतो. दोऱ्याचा आधार आता नाही, बटाट्याचे सगळे वजन द्रावणाने पेलले आहे, आणि त्यासाठी बटाट्याने बरोबर १३० ग्रॅम द्रावण बाजूला सारले आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते, हा नियम असा काट्यावर उभा राहतो. द्रावणाची घनता १.१२ पर्यंत नेली, तर १३० ग्रॅम द्रावणाला ११६ घन सेंटिमीटर जागा पुरते, म्हणजे बटाट्याच्या १२१ पैकी फक्त पाच घन सेंटिमीटर भाग पाण्याबाहेर राहतो. बटाटा अर्धा वर येईल अशी मुलांची अपेक्षा असते. पाण्यात मावेल तेवढे सगळे मीठ विरघळवले, म्हणजे लिटरला सुमारे ३६० ग्रॅम, तरी घनता १.२ च्या आसपास थांबते आणि बटाट्याचा जेमतेम नववा भाग बाहेर डोकावतो. समुद्राच्या पाण्याची घनता तर अवघी १.०२५ असते, म्हणून अरबी समुद्रात टाकलेला बटाटा बुडेलच.

लोखंडी जहाज का तरंगते, हेही या नियमात बसते. पोलादाची घनता ७.८ च्या आसपास असली तरी जहाजाच्या बाह्य आकाराने व्यापलेल्या जागेत बहुतांश हवा असते, आणि पूर्ण बुडण्याआधीच ते आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समुद्रातून हुगळी नदीवरच्या कोलकाता बंदराकडे निघालेले जहाज गोड्या पाण्यात आल्यावर आणखी थोडे खोल बसते. हे माहीत असल्यानेच जहाजांच्या अंगावर, भरलेले जहाज कुठवर बुडू द्यायचे हे दाखवणाऱ्या भाराच्या रेषा रंगवतात, आणि गोड्या पाण्यासाठीची रेषा खाऱ्या पाण्याच्या रेषेपेक्षा वर असते. ब्रिटनमध्ये खासदार सॅम्युअल प्लिमसोल यांच्या चळवळीनंतर १८७६ च्या कायद्याने अशी रेषा सक्तीची झाली.

प्रयोगाचा एक भाग मुलांना विशेष आवडतो. भांड्यात खाली खाण्याचा रंग घातलेले खारट द्रावण घ्यावे, त्यावर पळीच्या पाठीवरून अगदी हळू साधे पाणी ओतावे आणि मग बटाटा सोडावा. साध्या पाण्यातून तो खाली जातो, खारट थरापाशी थांबतो आणि पाण्याच्या मध्यावर अधांतरी राहतो. एकाच घनतेच्या पाण्यात त्याला असे मध्येच थांबवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण घनतेत किंचित फरक असला तरी तो सावकाश वर किंवा खाली जातोच. दोन थर असले की तो वर सरकताच हलक्या पाण्यात येऊन जड पडतो आणि खाली सरकताच जड पाण्यात येऊन हलका पडतो, त्यामुळे परत सीमेवरच येतो. भांडे हलवले नाही तर हे थर बराच काळ टिकतात, मिठाचे आयन हळूहळू वर पसरत जातात तशी सीमा पुसट होते.

वर्गाबाहेर हाच प्रयोग महाराष्ट्रातला शेतकरी दरवर्षी करतो. भाताच्या बियाण्यासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात, ढवळतात आणि थोडा वेळ स्थिर ठेवतात. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. तळाशी बसलेले भरदार बियाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात. या द्रावणाची घनता फक्त १.०२ च्या आसपास असते, म्हणजे साध्या पाण्यात बुडणारे काही हलके दाणेही त्यात वर येतात, तर चांगले दाणे वर येत नाहीत. बाजरीत अरगट रोगाच्या बुरशीच्या गाठी वेगळ्या करायच्या असतील तर द्रावण बरेच तीव्र लागते: १० लिटर पाण्याला २ किलो मीठ. त्याला २० टक्के द्रावण म्हणतात, पण मुलांनी वरच्या आकड्यांशी ताळा घालताना एकूण १२ किलो द्रावणात २ किलो मीठ, म्हणजे १६.७ टक्के, असे धरावे. घनता सुमारे १.१२ येते. आपला बटाटा भाताच्या द्रावणात बुडेल आणि बाजरीच्या द्रावणात तरंगेल, हे मुले प्रत्यक्ष पाहण्याआधी सांगू शकतात. तमिळनाडूतील भातशेतीत द्रावण पुरेसे तीव्र झाले का हे ताजे अंडे सोडून पाहण्याची रीत आहे, आणि जपानमध्येही एकोणिसाव्या शतकापासून मिठाच्या पाण्यात भाताचे बियाणे निवडतात.

बटाट्याची घनता मोजणे हे तर एका उद्योगाचे रोजचे काम आहे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखले जाते, आणि तिथे चिप्ससाठीचा बटाटाही पिकतो. चिप्ससाठी १.०८ किंवा त्याहून अधिक घनतेचा बटाटा पसंत करतात, कारण त्यात स्टार्च आणि इतर घन पदार्थ जास्त असतात, तळताना उडवायचे पाणी कमी असते आणि चिप्स तेलही कमी पितात. नमुना आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून ही घनता काढतात, म्हणजे वर्गात दोऱ्याने जे केले तेच मोठ्या प्रमाणावर. मुलांना घरून वेगवेगळे बटाटे आणायला सांगितले, तर कोणाच्या बटाट्याला १०० ग्रॅम मीठ पुरेल आणि कोणाच्या बटाट्याला १३० लागेल. अशी सगळ्यांची नोंद एका तक्त्यात घेतली की तिचा अर्थ लावण्यातच पुढचा तास जातो.

दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो. काचेचा हा फुगीर दांडा दुधात जितका खोल बुडतो त्यावरून घनता वाचतात, आणि दुधाची डिग्री २८ आली तर घनता १.०२८ समजतात. गायीच्या चांगल्या दुधाची घनता १.०२८ ते १.०३० असते. पाणी घातले की ती खाली येते आणि लॅक्टोमीटर आणखी खोल बुडतो. मात्र दुधातला स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, सुमारे ०.९३ घनतेचा असतो. साय काढून घेतली तर दुधाची घनता वाढून १.०३५ च्या आसपास जाते, आणि मग त्यात बेताने पाणी घातले तर ती पुन्हा १.०२८ वर आणता येते. असे दूध लॅक्टोमीटरवर निर्दोष ठरते. घनता हा एकच आकडा असतो, आणि तो एकाहून अधिक मिश्रणांतून सारखाच येऊ शकतो. म्हणून संकलन केंद्रावर डिग्री पाहिल्यावरही प्रत्येक दुधाचे फॅट वेगळे मोजतात.